व्हीगन व्हा, पण सोवळे होऊ नका

उत्तर नागपुरातल्या एका बुद्धविहाराच्या अंगणात आम्ही काही कार्यकर्ते पहाटे पोलीस भरतीचा वर्ग चालवतो. सध्या सव्वीस मुलं-मुली येतात. धावणं, गोळाफेक, जोर-बैठका झाल्या की प्रत्येकाला दोन उकडलेली अंडी आणि मूठभर भिजवलेले चणे मिळतात. पैसे वस्तीतूनच जमतात. कुणी ऑटो चालवणारा महिन्याला शंभर रुपये देतो, भरती होऊन गेलेली जुनी मुलं पगार झाला की अंड्यांचे ट्रे आणून ठेवतात. विहारामागे राहणाऱ्या एक आजी अंडी उकडतात.

मागच्या महिन्यात या अंड्यांवरून भांडण झालं. आमच्यातलाच एक कार्यकर्ता, इंजिनिअर मुलगा, वर्षभरापूर्वी व्हीगन झाला आहे. त्याचं म्हणणं साधं होतं. आपण बौद्ध आहोत, पहिलं शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं आहे, मग विहाराच्या अंगणात अंडी कशी चालतात? वर्गातली एक मुलगी फटकन म्हणाली, "काऊन गा भाऊ, अंडं खाल्लं तं माणूस बौद्ध राहत नाही का?" मग आवाज चढले. कुणी त्याला 'नवा बामण' म्हटलं, तो उठून निघून गेला. आजी तेवढ्या शांतपणे बोलल्या. "माह्या सासूच्या घरी मेल्या ढोराचं मांस वाळवून ठेवत होते. बाबासाहेबानं सांगतलं, सोडा. सोडलं. आता तू म्हणतं अंडं सोड. सोडू बापू. पण मंग पोट्ट्यायनं खावं काय, थे सांग."

आजींच्या प्रश्नाचं उत्तर त्या सकाळी आमच्यापैकी एकाकडेही नव्हतं. त्याला 'नवा बामण' म्हणणं सोपं होतं, आणि चुकीचंही. म्हणून हा लेख.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे व्हीगन म्हटलं की लोकांना 'कडक शाकाहारी' वाटतं, म्हणजे उपास-तापास करणाऱ्यांच्याही पुढची पायरी. पण हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये घडवला गेला तोच मुळी शाकाहाऱ्यांशी मतभेद होऊन. डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की मांस सोडून दूध-लोणी खाणं ही अर्धवट गोष्ट आहे. व्हीगन माणूस मांस, मासे, अंडी खात नाही, आणि दूध, दही, तूप, मधही घेत नाही. म्हणजे ज्या तुपाच्या धारेवर आपल्याकडचं सोवळं उभं आहे, ती धारच तो नाकारतो. मग हा प्रश्न पहिल्यांदा कुणाला विचारला जायला हवा होता? पूर्वजांनी मेलेलं ढोर ओढलं त्यांना, की त्याच ढोराचं दूध प्यायले त्यांना?

गाय असो की म्हैस, व्याल्याशिवाय दूध देत नाही. होणाऱ्या पिल्लांपैकी निम्मी नर असतात. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याची गरज संपत चालली आहे. आटलेली गाय तर कुणालाच नको असते. या जनावरांचं पुढे काय होतं, हे दूध पिणाऱ्याच्या घरात कधी बोललं जात नाही. गावगाड्यात याचं उत्तर ठरलेलं होतं. जनावर जिवंत असेपर्यंत दूध त्यांच्या घरात, मेलं की ते ओढायला महार. ओढलं म्हणून तो अपवित्र, आणि भुकेपोटी खाल्लं म्हणून आणखी अपवित्र. ज्यानं आयुष्यभर तिचं दूध काढलं तो मात्र पवित्रच राहिला.

ही व्यवस्था इतिहासात जमा झाली आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं जुलै २०१६ मधलं गुजरातमधलं उना आठवावं. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी भर रस्त्यात मारलं आणि त्याचं चित्रीकरण करून पसरवलं. त्यानंतर तिथल्या आपल्या बांधवांनी मेलेली जनावरं सरकारी कार्यालयांसमोर नेऊन टाकली. तुमची माता आहे तर तुम्हीच उचला! व्हीगन चळवळीतल्या कितीजणांना हे आंदोलन आपलं वाटलं, हे त्यांनीच सांगावं. आमच्या मते दूध-उद्योगाला या देशात विचारला गेलेला तो सर्वात थेट प्रश्न होता.

बाबासाहेबांनी खाण्याच्या प्रश्नाकडे कसं पाहिलं, हे इथे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण दोन्ही बाजूंचे लोक त्यांचं नाव घेतात. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. ताजं मटण सोडा असं ते म्हणाले नाहीत. कारण मुद्दा मांसाचा नव्हता, फेकलेलं आणि उरलेलं खाण्यातल्या लाचारीचा होता. पाळीची शिळी भाकर मागून खाऊ नका, हेही ते त्याच दमात सांगत होते, आणि भाकरी तर पूर्ण शाकाहारी असते.

याची दुसरी बाजू 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सापडते. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची १९३६ सालची घटना बाबासाहेबांनी तिथे नोंदवली आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्यानं जातभाईंना जेवण दिलं आणि पंगतीत तूप वाढलं. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारलं. का? तर तुपासारखा पदार्थ अस्पृश्यांनी खायचा नसतो. म्हणजे मेलेलं ढोर खाल्लं तर आम्ही घाणेरडे, आणि तूप खाल्लं तर माजलेले. ताटात काय आहे हा प्रश्नच नव्हता, ताट कुणाचं आहे हा होता. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी दाखवलं की ज्या ब्राह्मणवर्गात एकेकाळी गोमांस सर्रास खाल्लं जात होतं, त्यानं बौद्ध धम्माशी झालेल्या संघर्षात श्रेष्ठत्व परत मिळवण्यासाठी ते सोडलं आणि पुढे शाकाहार हाच श्रेष्ठतेचा शिक्का बनवला. हे ज्यानं वाचलं आहे तो कुठल्याही आहाराला 'शुद्ध' म्हणताना दहादा विचार करील.

मग बुद्धाचं काय? आमच्या इंजिनिअर मित्राचा खरा आधार तिथे होता. त्याला उत्तरही तिथलंच द्यायला हवं.

विनयपिटकात देवदत्ताची गोष्ट आहे. त्यानं भिक्खू संघासाठी पाच कडक नियम मागितले, त्यातला एक होता मासे-मांस न खाण्याचा. बुद्धानं ते नियम सक्तीचे करायला नकार दिला. ज्याला पाळायचे त्यानं पाळावेत, एवढंच. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंका नाही, अशी भिक्षा भिक्खूला चालते, हा त्रिकोटीचा नियम राहिला. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला लावतं. बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, मांस न खाण्याची नाही. दारू न पिण्याची मात्र स्पष्ट आहे. (अंड्यावरून बौद्धत्व मोजणाऱ्या काही बंधूंनी शनिवारच्या रात्री ही प्रतिज्ञा एकदा वाचावी. आमचा इंजिनिअर मित्र त्यांत नाही, तो थेंबालाही शिवत नाही.)

आणि सुजाता! सहा वर्षं उपाशी राहून सिद्धार्थाचं शरीर सांगाड्यासारखं झालं होतं. मग त्यानं सुजातेची खीर स्वीकारली. त्याबरोबर सोबतचे पाच तपस्वी 'हा चैनीत पडला' म्हणून त्याला सोडून गेले. खाण्यावरून साथ सोडणारी माणसं अडीच हजार वर्षांपूर्वीही होती. पुढे सारनाथला पहिला उपदेश त्याच पाच जणांना झाला, हेही विसरू नये. खीर दुधाची होती, हे आमच्या मित्रानं आम्हाला लगेच ऐकवलं. बरोबर आहे. पण खचलेल्या शरीरानं विचार होत नाही, हा त्या प्रसंगाचा अर्थ दुधावर अवलंबून नाही.

एवढं बोलून झाल्यावरही आम्हाला त्याच्या म्हणण्यातलं खरं नाकारता येत नाही. पिंजऱ्यात पंख पसरता येणार नाहीत एवढ्या जागेत कोंबड्या ठेवून अंडी काढली जातात, अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं अंड्यातून निघाल्या दिवशीच मारली जातात. हे पाहून ज्याच्या पोटात कालवतं, त्याची करुणा खरी आहे. पिंजरा काय असतो ते आम्हाला कुणी शिकवायला नको. एखाद्या आंबेडकरी तरुणानं या कारणासाठी व्हीगन व्हावं, तर आम्ही त्याच्या बाजूनं उभे राहू. फक्त त्यानं दोन गोष्टी कराव्यात. स्वतःचं शरीर खचू देऊ नये. आणि आपल्या ताटाचं सोवळं करून दुसऱ्याच्या ताटावर फिरवू नये.

पहिल्या गोष्टीला आजींच्या प्रश्नाचं उत्तर लागतं. खावं काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ताकदीचा व्यायाम करून स्नायू वाढवायचे असतील तर १.६ ग्रॅमच्या आसपास जावं लागतं. म्हणजे साठ किलोच्या मुलाला साधारण ९५ ग्रॅम. आकडा ऐकून मुलं घाबरतात आणि थेट जिममधल्या पावडरच्या डब्याकडे वळतात. डब्यात काय भरलं आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि त्यापुढची पायरी इंजेक्शनची असते. त्यापेक्षा हिशोब करा. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत २६ ग्रॅम प्रथिनं. दिवसभरात शंभर ग्रॅम कच्ची तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ, तिचे २२. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, १२. पन्नास ग्रॅम फुटाणे, १०. पोळी-भाकरी-भात मिळून तीनशे ग्रॅम धान्य, त्यातून साधारण तीस. झाले शंभर. एक थेंब दूध नाही, एक अंडं नाही. धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही दिवसभरात पोटात गेलं की एकमेकांची उणीव भरून निघते. वरण-भात आणि झुणका-भाकर हे शहाणपण आपल्या बायकांना पुस्तकाविना होतं.

यातला सोयाबीनचा मुद्दा आम्हाला फार छळतो. विदर्भात सोयाबीनची शेतंच्या शेतं आहेत. त्यात जेमतेम वीस टक्के तेल असतं. ते काढून घेतलं की उरते ती पेंड, आणि सगळी प्रथिनं त्या पेंडीत असतात. ही पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशात. सोयाबीन सोंगणाऱ्या मजूर बाईच्या पोराच्या ताटात मात्र पातळ वरण. व्हीगन मंडळींनी हा धागा पकडला तर त्यांची चळवळ आमच्या वस्तीत एका दिवसात पोहोचेल. पण त्यांच्या सभा बदामाच्या दुधावरच संपतात. नागपुरात बदाम कुणाला परवडतो?

वनस्पतीतून आलं म्हणजे निर्धोक, असंही नाही. आपल्या भागातली लाखोळी डाळ वड्यात, भज्यांत ठीक. पण दुष्काळात, मजुरीत तीच मिळाली म्हणून महिनोन्महिने तीच मुख्य अन्न करून खाणाऱ्या गरिबांचे पाय कायमचे लुळे पडले. गरिबाच्या पोटात एकच स्वस्त वस्तू कोंबली की काय होतं, त्याचं हे उदाहरण आहे.

आणि ब १२. यावर वाद नको. हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. स्पिरुलिना, आंबवलेलं पीठ, न धुतलेली भाजी, इंटरनेटवर काहीही सांगतात, त्यावर विसंबू नका. व्हीगन माणसानं ब १२ ची गोळी घ्यायचीच. आमच्या मित्रानं घेतली नव्हती. आधीच वर्षानुवर्षं होस्टेलच्या मेसवर काढलेली, अंगात साठा कमी, त्यात दूधही बंद. बोटांना मुंग्या येत होत्या आणि तो म्हणायचा, कीबोर्डमुळे असेल. भांडणानंतर आम्हीच त्याला तपासणीला नेलं. अहवालात ब १२ बरंच कमी निघालं. आता गोळी चालू आहे, व्हीगनही चालू आहे, आणि तो स्वतःच सगळ्यांना हे सांगतो. मुलींनी लोहाकडेही पाहावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा पिऊ नका. चहा लोह शोषू देत नाही.

व्यायामाबद्दल थोडक्यात. रोज पाचशे बैठका मारणारी मुलं आमच्याकडे येतात आणि गोळा पाच मीटरच्या पुढे जात नाही म्हणून रडतात. त्याच वजनानं तेच करत राहिलं की दम वाढतो, ताकद नाही. ताकद भार वाढवल्यानं वाढते. खांद्यावर वाळूचं पोतं घ्या, दर आठवड्याला थोडी वाळू वाढवा, बैठका आठ-दहाच मारा, पण नीट. त्याच स्नायूंना मग एक-दोन दिवस विश्रांती. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा, आणि तो फेकला जातो पायातून, हे सांगूनही पटत नाही. महार सैनिकांची १८१८ ची कोरेगावची लढाई आपण दरवर्षी आठवतो. पण १८९० च्या दशकात त्याच महारांना 'लढाऊ जात नाही' म्हणून सैन्यभरती बंद झाली, आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. आमच्यासाठी मैदान म्हणजे शरीर कमावण्याची हौस नाही. ते नोकरीचं दार आहे.

आता दुसरी गोष्ट, दुसऱ्याच्या ताटाची. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असा निर्णय घेतला. त्यावर कुणी गहजब केला, कुणाच्या भावना दुखावल्या, ते सर्वांना माहीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्यासाठीचे पैसे बंद केले आणि द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणून मोकळं झालं. त्या अंड्याच्या जागी सोयावडी आली का? शेंगदाण्याचा लाडू आला का? काहीच आलं नाही. कोंबडी वाचली नाही, पोराचं अंडं मात्र गेलं. मुंबईच्या आयआयटीत २०२३ मध्ये वसतिगृहाच्या मेसमधली काही टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली आणि निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. ही करुणा नाही. या लोकांच्या टेबलावर पनीर असतं.

म्हणून आमच्या व्हीगन तरुणांना आमची ही विनंती आहे. तुमचा प्रश्न वरच्या दिशेनं विचारा. डेअरीच्या मालकाला विचारा, गोशाळेच्या अध्यक्षाला विचारा, पंगतीत तूप वाढणाऱ्याला विचारा. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बहुतेक अन्नदानाच्या स्टॉलवर पुरी-भाजी, मसालेभात असतो. लाखो माणसं जेवतात आणि कुणी कुणाला तू घरी काय खातोस म्हणून विचारत नाही. आपला शाकाहार असाही असू शकतो.

आमच्या वर्गाचं पुढे काय झालं ते सांगतो. तीन बैठका झाल्या, दुसरीत पुन्हा आवाज चढले. शेवटी ठरलं ते असं. अंडी बंद होणार नाहीत. पण ज्याला अंडं नको त्याला हात हलवत परत जावं लागणार नाही, त्याच्यासाठी तेवढ्याच प्रथिनांची सोयावडी आणि शेंगदाणे असतील. त्याचा खर्च इंजिनिअर मित्र देणार, आणि विहाराच्या भिंतीवर कशात किती प्रथिनं याचा तक्ताही तोच लिहिणार. पहिल्या दिवशी सहा जणांनी सोयावडी घेतली. त्यांतल्या चौघांनी अंडीही घेतली.

आजींनी वडी चाखून पाहिली. "मटनासारखी लागते म्हनत होता तू," त्या त्याला म्हणाल्या, "नाही लागत. उद्या सावजी मसाला घेऊन ये, मी करून दाखवतो."